धंदा सॉफ्टवेअरप्रमाणे वाकायचा? (लिडलवाल्या पोस्टला उत्तर)

भोसरीकर: परवा इथे एकाने ठोकून दिलं, लिडलने (जर्मनीची स्वस्त किराणा दुकानांची साखळी) हट्टापायी सुमारे ५० कोटी युरो बुडवले, धंद्यानेच सॉफ्टवेअरप्रमाणे बदलायला हवं. डोकं फिरलं. लिडल साठा खरेदीच्या भावाने धरते, सॅप या जर्मन कंपनीचं कारभार सांभाळणारं तयार पॅकेज विक्रीच्या भावाने. स्वस्त विकणं हाच ज्यांचा धंदा, त्यांनी खरेदीभाव सोडायचा? सॅप आपल्या पद्धतीने वळवून बसवायचं २०११ ला काढलेलं काम २०१८ ला गुंडाळलं. हा फरक पहिल्याच बैठकीत मिटवायचा ना!

शिस्तप्रिय: तो 'एकाने' म्हणजे मीच. अहो, 'आमचं असंच असतं' यालाच लोक धोरण म्हणतात. मग ठिगळावर ठिगळ. अठरा वर्षं हेच निस्तरतोय.

भोसरीकर: निस्तरताय की बिलं लावताय?

स्टोअरची_वही: सवयीवर बोललात म्हणून सांगते. आमच्याकडे ईआरपी (सगळा कारभार एकत्र ठेवणारं सॅपसारखं सॉफ्टवेअर) आली आणि स्टोअरच्या काकांची वही बंद झाली. ते समासात लिहायचे, 'हा लॉट ओला, आधी काढा.' स्क्रीनवर त्याला जागाच नाही. महिन्याभरात गंजलेल्या पट्ट्या थेट गिऱ्हाइकाकडे. आता वही ड्रॉवरमध्ये असते आणि साहेबही गुपचूप तीच बघतात.

शिस्तप्रिय: आणि काका रिटायर झाले की?

स्टोअरची_वही: झाले मागच्या वर्षी. फोन करतो आम्ही. हसा खुशाल.

टॅलीभक्त: हे मोठ्यांचे चोचले. आमचं टॅलीवर मस्त चाललंय.

शिस्तप्रिय: पाच माणसांच्या दुकानात काहीही चालतं.

टॅलीभक्त: नऊ. आणि पगार एक तारखेला होतो. तुमचा?

भोसरीकर: लिडलवर या रे! बरं, वहीवरून आठवलं, हर्शी, अमेरिकेची चॉकलेट कंपनी. १९९९ ला एप्रिलमध्ये चालू करायचं सॅप लांबून जुलैत सुरू केलं, हॅलोविनच्या, म्हणजे तिथल्या गोडाधोडाच्या सणाच्या, तोंडावर. ऐन दिवाळीत फराळवाल्याने चूल पाडावी तसं. जादा माल इकडेतिकडे ठेवलेला, त्या जागा सिस्टिममध्ये भरल्याच नव्हत्या. चॉकलेट गोदामात आणि सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी अडकलेल्या. त्या जागा कुणाला ठाऊक असणार? तिथल्या काकांनाच.

शिस्तप्रिय: तारीख धंद्याने ठरवावी, मान्य. झालं समाधान? पण हर्शीने सॅप फेकलं नाही, नीट करून घेतलं. तेही सांगा की. वहीवर कंपनी चालत नाही.

स्टोअरची_वही: वही नकोच, एक रकाना द्या. काकांनी नावसुद्धा सुचवलंय, 'शेरा'. व्हेंडर म्हणतो, त्याचे वेगळे पडतील.

शिस्तप्रिय: किती म्हणाला?