अनुभव धागा: गावातली जुनी हॉटेलं आणि त्यांची डागडुजी

माथेरानच्या जंगलातल्या 'बार हाऊस' या जुन्या बंगल्यातल्या हॉटेलात काही वर्षांपूर्वी राहिले. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट डोंगरावर चढून गेले, मागोमाग साहेबांचे आणि मग मुंबईच्या शेटियांचे बंगले उठले. त्या पिढीतली ही वास्तू. लांबरुंद व्हरांडा, छत इतकं उंच की भर मे महिन्यातही खोलीत गारवा. दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटारीला मज्जाव, त्यामुळे दुरुस्तीची वाळूसुद्धा घोड्याच्या पाठीवरून किंवा हातगाडीवरून येते. अशी हॉटेलं टिकवणाऱ्यांचं मला फार अप्रूप आहे. तुम्ही कुठे राहिलात, काय टिकलेलं पाहिलंत, काय गेलेलं पाहिलंत, सविस्तर लिहा.

चुनेवाला

जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीचं काम करतो, म्हणून जरा लांबण लावतो. घाटमाथ्यावरच्या एका जुन्या हॉटेलात आम्हाला बोलावलं, कारण दर पावसाळ्यानंतर भिंतींचा रंग पापुद्र्यांनी सुटायचा. भिंत जांभ्याची, दर्जा (दगडांमधले सांधे) चुन्याच्या, आणि आधीच्या कंत्राटदाराने वरून सिमेंटचा गिलावा चढवलेला. जांभा पाणी पितो. चुना ते हळूहळू बाहेर सोडतो, सिमेंट कोंडून ठेवतं. मग भिंतीला लोणा लागतो, म्हणजे क्षार फुटून पापुद्रे सुटतात, आतली तुळईची टोकं कुजतात. आम्ही सिमेंट खरवडून काढलं आणि भिंती दिवाळीपासून होळीपर्यंत उघड्या ठेवल्या. मालकांचा एक हंगाम त्यात गेला, पण त्यांनी घाई केली नाही, याचं श्रेय त्यांचंच.

कळीचा चुना भिजत घालायचा, मुरू द्यायचा, घाणीत (चुना मळायच्या गोल चरात, दगडी चाकाखाली) वाळूबरोबर मळायचा, त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी. गिलावा पातळ थरांत, आणि प्रत्येक थर ओल्या गोणपाटाखाली. हे करणारे गवंडी आता शोधावे लागतात. माझ्या मते हेरिटेज हॉटेलवाल्यांनी झुंबरं नंतर आणावीत, आधी चुन्याचा एक चांगला गवंडी धरून ठेवावा.

पणजीची लेक

चुनेवाला, अगदी! पणजीतल्या फोंतेन्हास या जुन्या वाड्यात आमच्या नात्यातलं घर आहे, तिथेही हेच झालं. 'पांजिम इन' याच वाड्यातलं, एकोणिसाव्या शतकातल्या घरातलं हॉटेल. आत गेलं की आजोळी आल्यासारखं वाटतं. गोव्याच्या जुन्या घरांत खिडकीला काचेऐवजी शिंपल्यांच्या चपट्या चकत्या बसवत. त्यांतून दुपारचं ऊन दुधाळ होऊन येतं. एक चकती फुटली की तिथे काच लावून मोकळे होतात, आणि हळूहळू अख्खी खिडकी काचेची होते. लाकडी चौकटीच्या खाचेत नवी चकती सरकवणारे सुतार अजून आहेत, त्यांना काम द्या.

बॉस्टनकर

आमच्याकडचं सांगतो. मॅसॅच्युसेट्समधल्या स्टॉकब्रिज या छोट्या गावात 'रेड लायन इन' आहे, मूळ १७७३ चं. १८९६ मध्ये जळालं, पुढच्याच वर्षी पुन्हा उभं राहिलं. १९६० च्या दशकात ते पाडून तिथे पेट्रोल पंप व्हायचा होता. गावातच पडद्यांचा व्यवसाय असलेल्या फिट्झपॅट्रिक दांपत्याने १९६८ मध्ये ते विकत घेऊन वाचवलं. अमेरिकन चित्रकार नॉर्मन रॉकवेलने काढलेल्या या गावाच्या प्रसिद्ध नाताळ-चित्रात हे हॉटेल अंधारात आहे, कारण तेव्हा ते हिवाळ्यात बंद असे. आता बाराही महिने चालतं. आई-बाबा इथे आले की त्यांना तिथे नेतो. समोरच्या लांब पोर्चवर झुलत्या खुर्च्या मांडलेल्या असतात, बाबा तिथून उठायला तयार नसतात. बाहेरचा कुणी गुंतवणूकदार यायची वाट न बघता गावातल्याच माणसांनी हात घातला, हे मला सगळ्यांत मोलाचं वाटतं.

महाबळेश्वरी

आमच्याकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. त्यामुळे डागडुजी म्हणजे एकदाचं काम नव्हे, दरवर्षीचं. मे संपता संपता कौलं शाकारायची, पन्हाळी साफ करायच्या, पश्चिमेच्या भिंतींना गवताचे तट्टे बांधायचे. हल्ली तट्ट्यांच्या जागी निळं प्लास्टिक आलं. त्याने पाऊस अडतो, पण आत घाम धरतो आणि बुरशी येते. ज्या हॉटेलात अजून तट्टे बांधतात, तिथे मी पाहुण्यांना आवर्जून पाठवते.

धागाकर्ती

चुनेवाला, घाणी आजही बैलाने फिरवता की मोटरवर? आणि कोकणातल्या कुणाला चुन्याचे गवंडी कुठल्या गावात भेटतात हे ठाऊक असेल तर इथे जरूर लिहा. एका ओळखीच्यांना हवे आहेत, त्यांचं काम पावसाआधी सुरू व्हायला हवं.