मदत हवी आहे: नाईट ड्युटीत नातेवाईकांनी ढकललं, साहेब म्हणतेत मिटवून घ्या

नमस्कार. मी बीड जिल्ह्यातल्या एका ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, कंत्राटी, ११ महिन्यांची ऑर्डर. कोणतं ते सांगत नाही.

परवा रात्री १९-२० वर्षांचं पोरगं आणलं, खाली झोपलं होतं, नुसतं पोटात दुखतंय म्हणत होतं, दाताची खूण दिसंना, पण पापण्या पडायला लागल्या तसं डॉक्टरांनी ओळखलं की मण्यार सापच चावला असणार. १० वायल एएसव्ही (सापाच्या विषावरचं इंजेक्शन) लगेच चालू केलं. तरी श्वास कमी पडायला लागला अन् आमच्याकडं व्हेंटिलेटर नाही, म्हणून अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात रेफर. तोवर सोबतची पंधरा माणसं गप होती बरं का. रेफर म्हणल्याबरोबर, "मग इतका वेळ सलाईनच लावत बसल्या का?" एकानं बीपीचं मशीन भिंतीवर आपटलं, दुसऱ्यानं मला ढकललं, टेबलाचा कोपरा दंडाला लागला. डॉक्टर अँबू बॅग (हातानं श्वास द्यायची पिशवी) दाबत होते, ते सोडून कसे येणार. गेटवर एकच मामा, साठीला आलेले. १०८ आली, पोरगं गेलं, वाचलं म्हणे.

आता साहेब, म्हणजे आमच्या दवाखान्याचे प्रमुख, म्हणतेत, लेकराच्या काळजीत झालं, सोडून द्या. काळजी मलाबी कळते हो, पण दंड अजून काळानिळा हाय. तक्रार दिली तर ती माणसं शेजारच्याच गावची. काय करू? अन् गार्ड मागून थकलो, पुढं असं होऊ नये म्हणून दुसरं काय करता येतं?

ब्रदर_परभणी: सिस्टर, आधी दंडाची एमएलसी (पोलीस केससाठी डॉक्टरनं करायची जखमेची नोंद) करून घ्या, मिटवायचं का नाही ते नंतर बघा. २०१० चा राज्याचा कायदा आहे, त्यात नर्सही येतात, दखलपात्र अन् अजामीनपात्र गुन्हा, ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, वर मोडलेल्या मशीनच्या किमतीची दुप्पट भरपाई. तक्रार दवाखान्याच्या लेटरहेडवर साहेबांनीच द्यावी, तुम्ही साक्षीदार. ऑगस्ट २०२४ ला केंद्राच्या आरोग्य खात्यानं संस्थाप्रमुखानं ६ तासांत एफआयआर करावा असं काढलं होतं, ते मेडिकल कॉलेज अन् केंद्राच्या दवाखान्यांसाठी, पण साहेबांना दाखवायला कामाला येतं.

जुनी_सिस्टर: आमच्याकडं गार्ड नव्हताच. एकच केलं, पेशंट आला की नातेवाईकांतला एक शहाणा माणूस निवडायचा अन् दर पंधरा मिनिटाला त्यालाच सांगायचं, हे दिलंय, आता श्वास बघतोय, कमी पडला तर पुढं न्यावं लागंल. तुमच्या केसमधी रेफर हा शब्द त्यांनी एकदम शेवटी ऐकला ना? तिथंच भडका उडतो. अन् सलाईन स्टँड, ऑक्सिजनची चावी हाताशी येईल अशी ठेवायची नाही, आपण दाराच्या बाजूला उभं राहायचं. ११२ लावायचं काम मामाला आधीच सांगून ठेवायचं.

मूळ लेखिका: खरंय ताई, कुणीच बाहेर जाऊन बोललं नव्हतं, दोघंच होतो. बीपी मशीनचे तुकडे मावशीनं कॅरीबॅगमधी बांधून ठेवलेत, सोमवारी साहेबांच्या टेबलावर तेच ठेवते अन् लेटर मागते.