सुई लागली म्हणजे औषध भारी?

सुईदोरा
सर्दी-तापाच्या गप्पांत काल एकाने बिनधास्त लिहिलं: "गोळ्यांच्या नादी लागू नका, सरळ सेफ्ट्रिआक्झोन एक ग्रॅम टोचून घ्या, तीन दिवसांत माणूस उभा. टेस्ट डोस दिला की काळजीच मिटली." त्याखाली अंगठ्यांची रांग. (सेफ्ट्रिआक्झोन म्हणजे इंजेक्शनने द्यायचं अँटिबायोटिक; टेस्ट डोस म्हणजे अॅलर्जी आहे का पाहायला आधी हातावर थोडंसं टोचणं.) उत्तर लिहायला घेतलं ते लांबलं, म्हणून हा वेगळा धागा.

वॉर्डात 19 वर्षं काढलीत, तेव्हा जरा स्पष्ट बोलते. सर्दी विषाणूची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती तशीही उताराला लागते, श्रेय इंजेक्शनला फुकटचं. रक्तात जंतू पसरलेत, उलट्यांनी पोटात काही टिकत नाही, मेंदूज्वर आहे, तिथे शिरेतूनच द्यायचं. मेंदूज्वरात दर 12 तासांनी 2 ग्रॅम आम्हीच देतो. पण ते 'टोचून घेणं' इतकं सोपं नसतं. स्नायूत द्यायचं तर दुखू नये म्हणून पावडर लिडोकेनमध्ये, म्हणजे बधिर करणाऱ्या औषधात, विरघळवतात. तीच सिरिंज चुकून शिरेत गेली तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. आणि रिंगर लॅक्टेट (आरएल) या सलाइनमध्ये कॅल्शियम असतं. एकदा नव्या मुलीने चालू आरएलच्या नळीत सेफ्ट्रिआक्झोन सोडायला सुई लावली होती, मी अक्षरशः मनगट धरलं. दोन्ही एकत्र आले की खडे धरतात. 28 दिवसांच्या आतल्या बाळांचे यात जीव गेलेत, त्यांना कॅल्शियमच्या सलाइनसोबत हे औषध द्यायचंच नसतं. मोठ्यांतसुद्धा मधे नळी धुऊन घ्यावी लागते. हे सगळं त्या अंगठेवाल्यांना कोण सांगणार?

निवांत_४७
तो 'एक जण' मीच. पाठीमागे बोलण्यापेक्षा तिथेच विचारायचं होतं. मला टायफॉइड झाला होता, आठ दिवस गोळ्या खाल्ल्या, ताप 103 वरून हलेना. इंजेक्शन सुरू केलं आणि उतरला. मी अनुभव लिहिला, पुस्तक नाही.

सुईदोरा
टायफॉइड! मग धाग्यात 'सर्दी-ताप' का लिहिलंत? टायफॉइडला सेफ्ट्रिआक्झोन रास्तच आहे. आणि तिथेही ताप उतरायला बहुतेकदा चार-पाच दिवस लागतात. तिसऱ्या दिवशी उभे राहिलात का, खरं सांगा.

निवांत_४७
पाचव्या. झालं समाधान?

पाटीपेन्सिल
सेफ्ट्रिआक्झोनचं काय घेऊन बसलात, अमिकासिन या दुसऱ्या अँटिबायोटिक इंजेक्शनबद्दल कुणी बोलतच नाही. माझ्या वडिलांना लघवीच्या संसर्गासाठी दहा दिवस दिलं. वय 71. सुरुवातीला क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) तपासलं, नंतर एकदाही नाही. आठव्या दिवशी म्हणाले, "कानात कुकर शिट्टी मारतोय." डॉक्टर हसले, वयाचं आहे म्हणाले. आज त्यांना फोन स्पीकरवर टाकूनही ऐकू येत नाही. या औषधाने गेलेला कान बहुधा परत येत नाही, हे आम्हाला नंतर कळलं.

कोरडीठाक
वाईट वाटलं. पण मूळ मुद्दा टेस्ट डोसचा. सुईदोराताई त्यावर एक ओळ लिहीत नाहीत, याचं नवल वाटतं. माझ्या बहिणीला हातावर फुगा आला, भोवती पेनने गोल काढला, वीस मिनिटांत लाल झाला, औषध बदललं. वाचली ना ती?

सुईदोरा
मुद्दाम टाळलं, कारण यावर नेहमी भांडणच होतं. पेनिसिलीनची त्वचाचाचणी नीट द्रावणं वापरून केली तर तिला अर्थ आहे. सेफ्ट्रिआक्झोनची ती हातावरची सुई 'रिअॅक्शन येणार नाही' असं सांगू शकत नाही. फुगा नुसत्या टोचण्यानेही लाल होतो, आणि कोरा राहिलेल्याला पुढच्या पाच मिनिटांत घशाला सूज आलेली मी पाहिली आहे.

कोरडीठाक
म्हणजे माझी बहीण खोटी?

सुईदोरा
असं कुठे म्हटलं मी? तुमच्या बहिणीला खरंच अॅलर्जी होती की नव्हती, हे त्या फुग्यावरून ठरत नाही एवढंच.

आडवाटेचा
दोन्हीकडे थोडं थोडं खरं आहे, पण भांडायची हौस जास्त. टेस्ट डोस करा नाहीतर करू नका, खरी गोष्ट नंतरची. इंजेक्शननंतर निदान अर्धा तास तिथेच बसवतात का? जवळ अॅड्रेनॅलिन, म्हणजे जिवावरच्या रिअॅक्शनवरचं इंजेक्शन, आहे का? मोठ्या माणसाला मांडीच्या बाहेरच्या बाजूला अर्धा मिलिग्रॅम, आणि तेही लगेच. मी पाहिलेल्या एका ठिकाणी ट्रेमध्ये अॅम्प्यूल होती, कापायची पट्टी कुणाला सापडेना. त्या दोन मिनिटांत टेस्ट डोसचा रिपोर्ट वाचायचा का?

कोरडीठाक
आणि पेनिसिलीनची अॅलर्जी असलेल्यांनी काय करायचं? त्यांना तर दहा टक्के धोका म्हणतात.

आडवाटेचा
तो आकडा जुना. सेफ्ट्रिआक्झोनच्या रेणूची बाजूची साखळी पेनिसिलीनपेक्षा वेगळी आहे, धोका त्याहून पुष्कळ कमी. पण "मागे एकदा घेतलं, काही झालं नाही" यावरही विसंबू नका. शरीर ओळख पहिल्या वेळी करून घेतं, भांडण पुढच्या वेळी काढतं.

निवांत_४७
सगळे डॉक्टर झालेत आज. मला एवढंच सांगा, गोळी चालत असेल तर इंजेक्शन का देतात मग?

सुईदोरा
कारण मागणारे तुम्ही आहात! हाडांच्या संसर्गातसुद्धा पहिल्या आठवड्यानंतर गोळ्या इंजेक्शनइतक्याच चालतात, असं 2019 मध्ये 1054 रुग्णांच्या चाचणीत दिसलं. सर्दीचं तर बोलूच नका.

निवांत_४७
बरं बाई, तुमचंच खरं. माझ्या धाग्यातला 'सर्दी' शब्द काढतो. 'तीन दिवस' राहू दे.

पाटीपेन्सिल
वडिलांच्या कानाबद्दल कुणी काही सुचवणार का? की पुन्हा टेस्ट डोस?

सुईदोरा
दादा, ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) झाली आहे का? नसेल तर आधी ती करून घ्या, आणि जमलं तर त्या दहा दिवसांचे कागद सोबत न्या.