मदत हवी आहे: त्सेरिंगेन घराण्याचा वारसा १२१८ मध्ये भाऊबंदांना डावलून बहिणींकडे कसा गेला?

नमस्कार मंडळी,

नैर्ऋत्य जर्मनीतील त्सेरिंगेन या ड्यूक घराण्याची वंशावळ मी मराठीत तयार करीत आहे. फ्रायबुर्ग आणि बर्न ही शहरे वसवणारे हेच घराणे. मूळ शाखेचा शेवटचा ड्यूक पाचवा बेर्टोल्ड १८ फेब्रुवारी १२१८ रोजी वारस न ठेवता वारला, आणि माझे काम तिथेच अडले आहे.

त्याच्या बहिणींपैकी आग्नेस उराखच्या काउंटांकडे दिली होती आणि आन्ना कीबुर्गच्या. श्वार्त्सवाल्ड या नैर्ऋत्य जर्मनीतील डोंगराळ वनप्रदेशातला मुलूख व फ्रायबुर्ग उराखकडे गेले, तर आजच्या स्वित्झर्लंडमधील बुर्गडोर्फ, थून आणि तिकडचे दुसरे फ्रायबुर्ग कीबुर्गकडे. बर्न व झ्युरिख मात्र थेट राजसत्तेखाली आली.

खरा पेच असा, की त्या वेळी पुरुष वंशातले भाऊबंद हयात होते. टेकचे ड्यूक हे बेर्टोल्डच्या सख्ख्या चुलत्याचे, म्हणजे आडालबेर्टचे वंशज. बाडेनचा मार्कग्राफ (सीमाप्रांताचा सरदार, ही एक सरंजामी पदवी) पाचवा हेरमान हाही त्याच कुळातला, मात्र त्याचा आणि बेर्टोल्डचा समान पूर्वज थेट १०७८ मध्ये वारलेला पहिला बेर्टोल्ड. बाडेनच्या शाखेचा मूळपुरुष पहिला हेरमान संसार सोडून क्ल्युनीच्या मठात गेला आणि १०७४ मध्ये तिथेच वारला. त्याच्या मुलाने पुढे बाडेनचे नाव लावले. इतक्या पिढ्या वेगळे राहिल्यावर बाडेनला वाटा मिळाला नाही, हे समजण्यासारखे आहे. टेकचे तसे नाही. जर्मनीचा राजा दुसऱ्या फ्रीडरिखने त्यांचे वारसा हक्क पैसे देऊन विकत घेतले, त्या अर्थी त्या हक्कांत काही दम असलाच पाहिजे.

माझा स्वतःचा कयास असा आहे, की राजाकडून मिळालेली जहागीर व अधिकार एका वाटेने गेले आणि घराण्याची खासगी मालकीची जमीन दुसऱ्या वाटेने. त्यातही एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. राइनफेल्डेन घराण्याचा शेवटचा पुरुष १०९० मध्ये निपुत्रिक वारल्यावर त्याची बहीण आग्नेस हिच्यामार्फत त्या घराण्याचा बराच मुलूख तिचा नवरा दुसरा बेर्टोल्ड याच्याकडे आला होता, आणि आल्प्सच्या बाजूचे बस्तान त्यातूनच बसले. जी जमीन मुळात बहिणीच्या हक्काने घरात आली, ती सव्वाशे वर्षांनी बहिणींच्याच हक्काने बाहेर गेली असेल, तर त्यात विसंगती उरत नाही.

जर्मन सरंजामी कायद्याचा किंवा त्या काळच्या लॅटिन दस्तऐवजांचा ज्यांचा अभ्यास आहे, त्यांनी कृपया दोन बाबतींत मार्गदर्शन करावे. खासगी जमिनीच्या वारशात बहिणीचा हक्क चुलत भावाच्या आधी धरण्याचा रिवाज स्वाबियात (नैर्ऋत्य जर्मनीतील जुना प्रांत) त्या काळी रूढ होता का, की उराखच्या काउंट एगिनोने केवळ ताकदीच्या जोरावर ताबा मिळवला? आणि वंशावळीच्या तक्त्यात टेक व बाडेन या शाखा मूळ घराण्याखालीच दाखवणे योग्य, की बाडेनसाठी वेगळा तक्ता करून फक्त पहिल्या बेर्टोल्डपाशी दुवा द्यावा? दुसऱ्या पर्यायाकडे माझा कल आहे, कारण मुलूख आणि वंश एकाच तक्त्यात दाखवायला गेले, की १२१८ नंतरच्या रेषा वाचणाऱ्याला उलगडत नाहीत. या वारशाच्या वाटणीवरचे एखादे चांगले जर्मन पुस्तक कोणी सुचवले, तरी मोठे साहाय्य होईल.