मदत हवी आहे: दोन सेम यूएसबी सिरीयल बोर्ड, यूडेव्हमध्ये (लिनक्समध्ये जोडलेली डिव्हाइस सांभाळणारा प्रोग्रॅम) वेगळे कसे ओळखायचे?

मंडळी, उबंटूवर दोन अर्डुइनो क्लोन लावलेत, दोघांतही सीएच340 ही यूएसबी-सिरीयल चिप, आणि रीबूट केलं की टीटीवाययूएसबी0 आणि 1 या डिव्हाइस नावांची कधीकधी अदलाबदल होते. यूडेव्हचा रूल लिहून सिमलिंक (प्रत्येक बोर्डला कायमचं दुसरं नाव) द्यायला गेलो तर व्हेंडर आयडी, प्रॉडक्ट आयडी सेमच (1ए86, 7523) आणि या स्वस्त चिपमध्ये सिरीयल नंबरच नसतो, काय बोलणार! यूडेव्हअ‍ॅडएम मॉनिटर (इव्हेंट दाखवणारी कमांड) लावून केबल काढघाल केली तर कर्नल आणि यूडेव्ह दोन्हीचे इव्हेंट नीट दिसतात, त्याच्याच इन्फो कमांडमध्ये आयडी पाथपण (बोर्ड कुठल्या पोर्टला लावलाय ते) वेगळा येतो. मग त्यावरच मॅच करू का, की पोर्ट बदलला की परत बोंब? आणि रूलमधल्या रनमधून (डिव्हाइस लागलं की कमांड चालवणारा भाग) पायथनचा लॉगर सुरू करतो तो थोड्या वेळात मारला जातो, त्याला सिस्टमडी (लिनक्समध्ये सर्व्हिस चालवणारा प्रोग्रॅम) सर्व्हिसच लागेल ना? कोणी केलं असेल तर रूलची ओळ टाका प्लीज.