जुनी डिझेल घेतलीय: ऑइल मॅन्युअलप्रमाणे, की मिस्त्री म्हणतो तसं जाड?

पाना_बारा:
सेकंडहँड डिझेल गाडी घेतलीय, १,४०,००० किमी झालीय, सर्व्हिसचा एकही कागद नाही. आधीचा मालक म्हणाला "ऑइल वेळच्या वेळी बदललंय", पण गाडी विकताना हे सगळेच म्हणतात. मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० (जाडपणाची ग्रेड, मागचा आकडा मोठा तितकं गरम ऑइल जाड), एसीईए सी३ (ऑइलच्या दर्जाचा युरोपियन शिक्का) लिहिलंय. मिस्त्री म्हणतो इंजिन आता ढिलं झालं, पातळ ऑइल पिऊन टाकेल, सरळ २०डब्ल्यू-५० टाक. मला मॅन्युअल पटतंय, पण त्या माणसाचं आयुष्य गाड्यांखाली गेलंय. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, आहे गाडीला. काय करू?

काळाधूर:
मिस्त्रीचं ऐक. मॅन्युअल लिहिलं तेव्हा इंजिन कोरं होतं, आणि कंपनीला मायलेजचा आकडा दाखवायचा असतो म्हणून पातळ ऑइल लिहितात. बेअरिंग घासून फट वाढली की तिथे जाडच फिल्म पाहिजे ना? माझी जुनी पिकअप ३ लाख किमीच्या वर गेलीय, २०डब्ल्यू-५० वर चालते, टॅपेटची टकटक बंद आणि प्रेशरचा काटा कायम वर.

चिमटा:
@काळाधूर तुझ्या पिकअपला डीपीएफ आहे का? नाही ना, मग ते उदाहरण इथे का आणतोस.
जाड-पातळ बाजूला ठेव, आधी राखेचं बघ. ऑइलमधल्या कॅल्शियम, झिंकसारख्या धातूंची जळून राख होते आणि ती डीपीएफमध्ये बसते. रिजनरेशनमध्ये, म्हणजे डीपीएफ तापवून साफ करतात तेव्हा, काजळी जळते, राख जळत नाही, ती तिथेच साचत जाते. सी३ मध्ये राख ०.८ टक्क्याच्या आत लागते. सीआय-४ हा अमेरिकन दर्जा लिहिलेल्या जुन्या डिझेल ऑइलला राखेची मर्यादाच नाही, ती सीजे-४ या पुढच्या दर्जापासून आली, तीही १ टक्का. मिस्त्रीच्या कोपऱ्यातल्या बॅरलवर काय लिहिलंय ते आधी वाच म्हणावं.
आणि काटा वर म्हणजे ऑइल जास्त पोचतंय असं नाही हो. नळीचं तोंड अंगठ्याने दाबलं की प्रेशर वाढतं, बादली उशिराच भरते.

काळाधूर:
बरं, राखेचं मान्य. पण सी३ मध्ये ५डब्ल्यू-४० पण मिळतं, मग ३० चाच हट्ट कशाला? घासलेल्या इंजिनला एक पायरी वर गेलं तर कुणाचं काय जातंय.

चिमटा:
५डब्ल्यू-४० ला माझा विरोध नाहीच, मॅन्युअलच्या तक्त्यात असेल तर बिनधास्त टाक. फक्त "३० म्हणजे पाणी" हे डोक्यातून काढ. १५० डिग्रीला बेअरिंगच्या फटीत रगडलं जात असताना किती जाडपणा टिकतो त्याचा एक आकडा असतो, साध्या ३० ला किमान २.९ पुरतो, पण सी३ चा शिक्का हवा तर ३० असो वा ४०, ३.५ लागतोच. म्हणजे पेट्रोल गाडीतलं ३० आणि हे ३० एक नव्हे.

गळकी_पाईप:
सिंथेटिक टाकू नका, जुनी सील गळतात. माझ्या गाडीची गळायला लागली, अनुभव आहे.

चिमटा:
सील आधीच गेलेली होती, चिखलाने बुजलेली होती एवढंच. ऑइलने चिखल धुतला आणि खरं काय ते दिसलं.

गळकी_पाईप:
मग चिखल राहू द्यायचा ना! खाली थेंब पडत नव्हता तोपर्यंत मी सुखात होतो 😄

डिपस्टिक:
तुम्ही दोघं ग्रेडवर भांडताय आणि इंजिन घासलंय की नाही हे अजून कुणी बघितलेलंच नाही. इंजिन गरम करून आयडलवर ठेव, ऑइल भरायचं झाकण उघड. थोडी वाफ चालते, पण धूर भकाभक येत असेल आणि झाकण वर ठेवलं की उडत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, त्याला ५० काय ६० टाकलं तरी कॉम्प्रेशन परत येत नाही. दुसरं, जुना फिल्टर फेकू नकोस, कापून घड्या उलगड आणि उन्हात धर, चमचम दिसली तर बेअरिंगची चौकशी करायची. आणि फ्लश करू नकोस, ज्या गाडीचा इतिहास माहीत नाही तिचा चिखल एकदम सुटला तर खालच्या ऑइल चेंबरमधल्या जाळीत जाऊन अडकतो आणि पंप कोरडा पडतो. त्यापेक्षा पहिलं ऑइल ३-४ हजार किमीलाच बदल. नवं ऑइल लगेच काळं झालं तर घाबरू नकोस, डिझेलमध्ये ते काजळी धरून ठेवतं म्हणून काळं होतं, तेच त्याचं काम.
आणि लेव्हल बघितलीस का?

पाना_बारा:
आत्ता बघून आलो. झाकण शांत आहे, जरा वाफ. पण लेव्हल वरच्या खुणेच्याही वर बोटभर, आणि डिपस्टिक नाकाशी धरली तर सरळ डिझेलचा वास. मी एक थेंब ऑइल टाकलेलं नाही.

डिपस्टिक:
सापडलं. गाडी जवळजवळच फिरत असणार. रिजनरेशनला सिलिंडरमध्ये उशिरा जादा डिझेल मारतात, मध्येच गाडी बंद केली की ते पुरं होत नाही, पुन्हा पुन्हा सुरू होतं, आणि भिंतीवरचं डिझेल रिंगांवरून खाली चेंबरमध्ये उतरतं. आता चालवू नकोस, आधी ऑइल काढ. लेव्हल फार चढली की ऑइल ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ काढणारी नळी) इनटेकमध्ये (हवा आत घेणारी वाट) खेचलं जातं, आणि डिझेल इंजिन स्वतःच्याच ऑइलवर पळायला लागलं तर चावी काढूनही थांबत नाही.

चिमटा:
इंजेक्टर पण तपास, एखादा थेंबथेंब सोडत असेल तरी लेव्हल अशीच चढते.

पाना_बारा:
मिस्त्रीला फोन केला. म्हणाला, "ऑइलमध्ये डिझेल उतरतं म्हणूनच तर जाड टाक म्हणत होतो."

काळाधूर:
बघा! 😎

चिमटा:
छत गळतंय म्हणून मोठी बादली. पाना, तक्ता बघून ५डब्ल्यू-४० सी३ मिळालं तर ते भर, नवा फिल्टर टाक, आणि सुरुवातीला दर आठवड्याला डिपस्टिक बघून इथे कळव.