लग्न एकाच रंगात, खरेदी मुंबईतच: हट्ट की शहाणपण?

कंदीलप्रेमी
पुतणीचे लग्न मार्गशीर्षात दादरच्या एका हॉलमध्ये ठरले आहे. मंडप, तोरणे, पत्रिका, रुखवताचे टेबल असे सारे राणी रंगात असावे आणि सामान मुंबईतल्याच दुकानदारांकडून, कारागिरांकडून घ्यावे, अशी तिची मागणी आहे. घरात दोन तट पडले असून मी तिच्या बाजूचा आहे. बहुतेक हॉलांत सोनेरी खुर्च्या, हिरवा गालिचा आणि स्टेजवरची आकाशी झालर यांचे आधीच एकमेकांशी पटत नसते. त्यात सात रंगांच्या फुलांची भर पडली की नवरानवरी शोधावी लागतात. एकच ठसठशीत रंग धरून बाकीचे सारे मोतिया ठेवले, तर नजरेला ठाव मिळतो. खरेदीही सुटसुटीत होते: कापड मंगलदास मार्केटमधून, फुले दादरच्या मंडईतून, आणि दिवाळी उलटल्यावर माहीमच्या कंदील गल्लीतून एकरंगी कागदी कंदील. विरोधी मते जरूर मांडावीत.

गिरगावची सून
माझा विरोध नोंदवते. आपल्या लग्नात रंग आधीच नेमून दिलेले आहेत: हळद पिवळी, अष्टपुत्री पिवळी, चुडा हिरवा, अंतरपाटावरचे स्वस्तिक कुंकवाचे. त्यांच्यामागे राणी रंगाची भिंत उभी केली की हे सारे उपरे दिसू लागते, आणि मग छायाचित्रकार अष्टपुत्रीऐवजी 'जरा मॅचिंग' काहीतरी नेसा असे सुचवतो. शिवाय हा हट्ट मंडपापाशी थांबत नाही. नात्यातल्या एका लग्नात पाहुण्यांनाही रंग नेमून दिला होता. आमच्या आत्याबाईंनी वर्षानुवर्षे मलमलीत गुंडाळून ठेवलेली मोरपंखी पैठणी घरीच ठेवली, सुनेची साडी नेसल्या आणि दिवसभर तिचा निसरता पदर सावरत बसल्या. पाहुणे म्हणजे सजावटीचे सामान नव्हे.

मांडवकरी
मी सजावटीच्या धंद्यात आहे, म्हणून रुचीचा प्रश्न बाजूला ठेवून अडचणी सांगतो. राणी रंग प्रकाशाला फार हळवा आहे. पिवळ्या हॅलोजनखाली तो लालाकडे झुकतो आणि पांढऱ्या एलईडीखाली जांभळट दिसतो. दुकानदार दाखवतो ती राणी आणि पुढच्या ताक्यातली राणी एकच असेल याची खात्री नसते, कारण रंगाईचा लॉट बदलला की छटा बदलते. म्हणून लागणारे सगळे कापड एकदम घ्यावे, पन्हा आधी विचारावा आणि तुकडा गल्लीत, उजेडात आणून पाहावा.

फुलांचे दुखणे याहून मोठे आहे. झेंडू पिवळा किंवा केशरी. तो राणी रंगात येतच नाही. या रंगाच्या जवळ जाणारी फुले म्हणजे जरबेरा, अ‍ॅस्टर आणि काही गुलाब, आणि जरबेरा जुडीवर विकला जात असल्यामुळे झेंडूच्या लडींनी जेवढी भिंत झाकते तेवढी त्याने झाकायची म्हटली तर खर्च कुठल्या कुठे जातो. मग पांढऱ्या शेवंतीवर रंग फवारण्याचा मार्ग सुचवला जातो. त्या वाटेला जाऊ नये. तो रंग हातांना लागतो आणि शालूलाही लागतो. आणखी एक, हॉलचा करार वाचला आहे का? अनेक ठिकाणी नेमलेलाच डेकोरेटर घ्यावा लागतो, किंवा बाहेरचा आणल्यास वेगळे शुल्क भरावे लागते.

चिकित्सक
मूळ प्रस्तावातच गाठ पडली आहे. मंगलदास मार्केटमधले सॅटिन बहुधा सुरतेकडच्या मागांवरचे असते आणि जांभळे ऑर्किड बहुतांशी थायलंडहून विमानाने येते. दुकान काळबादेवीत किंवा दादरला आहे एवढ्यावरून माल इथला ठरत नाही. जवळचेच घ्यायचे असेल, तर रंग आधी ठरवून पुरवठादार शोधत फिरण्याऐवजी मंडईत त्या महिन्यात काय भरभरून येते ते पाहून रंग ठरवावा. पुणे, सातारा, नाशिककडून येणारा झेंडू आणि शेवंती बघितली की उत्तर पिवळा किंवा केशरी असे येते. योगायोगाने गिरगावच्या ताईंचा आक्षेपही त्यातच मिटतो.

कंदीलप्रेमी
पाहुण्यांना रंग नेमून देण्याचा विचार आमच्याकडे कधीच नव्हता. आत्याबाईंनी पैठणीच नेसावी. मात्र चिकित्सकांचे म्हणणे अर्धेच पटते. मुंबईत ना कापूस पिकतो ना शेवंती, तेव्हा मालाचे मूळ शोधत गेलो तर इथे काहीच घेता येणार नाही. इथे पिकते ती कारागिरी. कंदिलाचा कागद कुठूनही येवो, कामट्या बांधणारे आणि झिरमिळ्या चिकटवणारे हात माहीमचे आहेत आणि दिवाळीनंतर त्यांना काम हवेच असते. छटा चुकली तर दुसऱ्या दिवशी बसने जाऊन बदलून आणता येते. दूरच्या गोदामातून मागवलेल्या मालाच्या बाबतीत लग्नाच्या आठवड्यात हे जमत नाही. पिवळा रंग सोपा आहे हे मान्य, पण तो सोपा आहे म्हणून मुलीवर लादावा हे पटत नाही. फुलांचा मुद्दा मात्र बिनतोड आहे, म्हणून राणी रंग कापडात आणि कागदात ठेवू, फुले पांढरी घेऊ: निशिगंध, मोगरा मिळेल तेवढा.

गिरगावची सून
लग्नमंडपात नुसती पांढरी फुले आमच्या सासूबाई दारातूनच परत पाठवतील. विधी चालू असेपर्यंत झेंडू आणि आंब्याचे डहाळेच राहू द्या, राणी रंग संध्याकाळच्या स्वागत समारंभाला वापरा. माझे मत याहून पुढे सरकणार नाही.

मांडवकरी
एका दिवसात दोन सजावटी म्हणजे दुप्पट मजुरी, आणि दोन समारंभांमध्ये हॉल किती वेळ मोकळा मिळतो त्यावर सगळे अवलंबून. मुहूर्त सकाळचा आहे की गोरज? गोरज असेल तर आगाऊ रक्कम देण्यापूर्वी कापडाचा तुकडा घेऊन संध्याकाळी सहाच्या सुमारास हॉलमध्ये जा आणि त्यांचे सगळे दिवे लावायला सांगा.